कुमारवयीन मुलांसाठी जाणिवेवर आधारित समग्र मानसोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनीच पाठवलेले आहेत. निम्म्याहून जास्त आई-बाबांचे, काही शिक्षकांचे, काही समुपदेशन शिकणाऱ्यांचे. थोडे खुद्द मुलांचे आहेत आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटतात. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत 'एक मुलगा', 'एक मुलगी' असं येतं तिथे ती कुणी एक व्यक्ती नाही. या कामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टींतून ती उभी केली आहे.

१. जाणिवेवर आधारित थेरपी म्हणजे नक्की काय? साध्या समुपदेशनापेक्षा यात वेगळं काय असतं?

आपण अडचण सांगायची आणि समोरच्याने उपाय सांगायचा, अशी बहुतेकांची समुपदेशनाबद्दल कल्पना असते. इथे उपायाची घाई करत नाहीत. 'परीक्षा जवळ आली की पोटात गोळा येतो' असं मूल म्हणालं, की लगेच अभ्यासाचं वेळापत्रक निघत नाही. आधी विचारलं जातं: आत्ता हे सांगताना तो गोळा आहे का? नेमका कुठे? त्याच्यासोबत आणखी काय येतं, कुणाचा आवाज, एखादं वाक्य? पुष्कळदा तिथे परीक्षा सापडतच नाही. गुणपत्रिका हातात धरून गप्प बसलेल्या बाबांचा चेहरा सापडतो. मग कशाबद्दल बोलायचं आहे ते दोघांनाही कळतं.

अंगात काय चाललंय, मनात काय येतंय, समोर कोण आहे आणि मला त्याच्याकडून काय हवंय, हे त्या क्षणी ओळखता येणं म्हणजे जाणीव. ओळखता आलं की निवडायला जागा मिळते. तोवर दार आपटणं, गप्प होणं, मोबाईलमध्ये तोंड खुपसणं हे सगळं आपोआप घडत राहतं.

२. 'गेस्टाल्ट' हा शब्द सारखा दिसतो. तो काय आहे आणि ही पद्धत आली कुठून?

जर्मन शब्द आहे. अनेक भाग मिळून जी एकसंध आकृती उभी राहते ती गेस्टाल्ट. एखादी चाल वरच्या पट्टीत म्हटली तर त्यातला प्रत्येक सूर बदलतो, तरी चाल तीच आहे हे आपण ओळखतो. म्हणजे आपण सुटे सूर ऐकत नाही, चाल ऐकतो. मॅक्स वर्थायमर, वोल्फगांग कोहलर, कुर्ट कोफ्का या मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या अंगाने बराच अभ्यास केला.

गेस्टाल्ट थेरपी, म्हणजे इथे सांगितलेली जाणिवेवर आधारित पद्धत, नंतरची. फ्रिट्झ पर्ल्स, त्यांच्या पत्नी लॉरा पर्ल्स आणि पॉल गुडमन यांनी तिची मांडणी केली. तिचा मूळ ग्रंथ १९५१ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिची संस्था सुरू झाली. लहान मुलांसाठी चित्रं, माती, बाहुल्या वापरून ती आणली व्हायोलेट ओकलँडर यांनी. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९७८ चं. कुमारवयासाठी स्वतंत्र मांडणी मार्क मॅकॉनव्हिल यांनी १९९५ साली केली. प्रश्न ४ मधलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. १९६०च्या दशकात पर्ल्स जमावासमोर प्रात्यक्षिकं करत आणि समोरच्याला चांगलंच टोचून बोलत. ती शैली मुलांवर वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. या वयात लाज आधीच कातडीखाली येऊन बसलेली असते.

३. म्हणजे हे माइंडफुलनेसच (सजगतेचा सराव) ना? मग शाळेत ध्यानाचा तास आहेच.

नातं जवळचं आहे, पण काम वेगळं. ध्यानात मूल एकटं असतं आणि विचार येऊन जाऊ देतं. थेरपीत समोर एक माणूस असतो आणि त्या दोघांमध्ये जे घडतं तेच पाहिलं जातं. 'मी हे विचारलं तेव्हा तू खिडकीकडे बघायला लागलास. काय झालं?' हा प्रश्न एकट्याने बसून पडत नाही.

शाळेतल्या तासाकडून फार अपेक्षा ठेवू नका, असंही सांगावंसं वाटतं. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत सरसकट दिलेलं सजगतेचं प्रशिक्षण नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सरस ठरलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. न मागितलेली गोष्ट वर्गातल्या सगळ्यांना एकदम दिली की या वयात असंच होतं. काही मुलांना डोळे मिटून बसण्याचा उलट त्रास होतो. त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये आहे.

४. लहान मुलांची थेरपी असते, मोठ्यांची असते. मग या मधल्या वयासाठी वेगळं काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं हे कुमारवय मानते. दहा वर्षांचं मूल आणि एकोणीस वर्षांचा तरुण यांना एकाच मापाने मोजता येत नाही, म्हणून वयापेक्षा आत चाललेल्या हालचालीकडे पाहणं बरं. ढोबळ मानाने तीन हालचाली दिसतात.

पहिली, सुटं होण्याची. तोवर घराचं म्हणणं तेच आपलं म्हणणं असतं. आता मूल 'हे माझं नाही' म्हणायला लागतं आणि ते म्हणायला त्याला भांडणाशिवाय दुसरा मार्ग ठाऊक नसतो. दुसरी, आत वळण्याची. दार लावून घेणं, वहीत लिहिणं, तासन्‌तास एकच गाणं ऐकणं. आपल्याला एक आतली बाजू आहे हा शोध त्याला लागलेला असतो आणि तिथे कुणी शिरलेलं चालत नाही. तिसरी, जोडून घेण्याची. घराचं काय ठेवायचं, काय सोडायचं, मित्रांकडून काय घ्यायचं, याची निवड होऊ लागते. तिन्ही एकापाठोपाठ नीट रांगेत येत नाहीत.

पहिल्या हालचालीतल्या मुलाला 'आत काय वाटतं?' विचारून हाती काही लागत नाही. त्याच्याशी नियमांबद्दल, अन्यायाबद्दल, शिक्षकांबद्दल बोलावं लागतं, कारण त्याची सगळी जाणीव तिथे, बाहेर असते. शिकाऊ समुपदेशकांची सर्वांत जास्त चूक इथे होते.

५. थेरपीने माझा मुलगा बदलेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मी थोडी थांबून उत्तर देते.

अर्नॉल्ड बायसर नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. तरुणपणी उत्तम टेनिस खेळत. नुकतेच डॉक्टर झालेले असताना पोलिओ झाला आणि कायमचं अपंगत्व आलं. त्यांनी १९७० साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय असा: माणूस आपण नाही ते होण्याची धडपड करतो तोवर बदल होत नाही, आपण जे आहोत ते पूर्णपणे होतो तेव्हा बदल सुरू होतो. ज्याला आपलं शरीर पुन्हा पूर्वीसारखं करता येणार नव्हतं, त्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून मी ते हलकं मानत नाही.

आता हे घरात आणून पाहू. एक मुलगा आळशी आहे असं घरचे सगळे म्हणतात. तो स्वतःही म्हणतो, 'मी आळशी आहे, मला बदलायचंय.' तीन वर्षं तो रोज स्वतःला बदलतोय आणि रोज हरतोय. थेरपीत त्याला आळशी होण्याची पूर्ण मुभा दिली जाते. पुस्तक उघडायच्या आधी अंगात काय होतं ते फक्त बघ, म्हणतात. त्याच्या लक्षात येतं की खांदे उचलले जातात, जबडा आवळला जातो. मग सापडतं, की हा थकवा नाही, नकार आहे. 'मला हा विषय घ्यायचाच नव्हता' हे वाक्य त्याने कुणापुढे उच्चारलेलं नाही. आपण एखादी गोष्ट दुसऱ्याच्या गळी उतरवतो, तेव्हा ती गळ्याखाली जाते, पचत नाही. गेस्टाल्टमध्ये अशा न चावता गिळलेल्या गोष्टींकडे फार लक्ष देतात.

नकार सापडल्यावर तो विषय सोडेल की हट्टाने पुरा करेल, ते आधी सांगता येत नाही. दोन्ही पाहिलं आहे. पण यापुढे जे करेल ते त्याचं असेल. मूल तुम्हाला हवं तसंच बदलावं अशी अट असेल, तर थेरपी सुरू करण्याआधीच तसं मोकळेपणाने सांगा. त्यावर बोलता येतं.

६. तो यायलाच तयार नाही. 'मी वेडा आहे का?' म्हणतो. फसवून आणू का?

फसवू नका. 'डोळे तपासायला जाऊ' सांगून आणलेलं मूल खुर्चीत बसतं तेव्हा त्याचा आमच्यावरचा विश्वास शून्याच्याही खाली गेलेला असतो. तुमच्यावरचा तर आणखी.

खरं सांगा आणि स्वतःबद्दल सांगा. 'तुझ्यात बिघाड आहे' यापेक्षा 'आपण दोघं बोललो की भांडणच होतं, मला कळेनासं झालंय, मला मदत हवी आहे' हे जास्त खरं असतं, नाही का? एकदाच ये, आवडलं नाही तर दुसरा थेरपिस्ट शोधू, असं सांगा आणि तो शब्द पाळा. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही एकटे या. पालक तीन-चार वेळा येऊन गेले आणि घरातलं बोलणं जरा बदललं, एवढ्यानेही मुलाचं कुतूहल जागं होतं. (जिवाला धोका असेल तर हे सगळं बाजूला, प्रश्न १४ पाहा.)

आणि आल्यावर त्याने 'मला इथे यायचं नव्हतं' म्हटलं, तर मला बरं वाटतं. त्या खोलीतलं ते पहिलं खरं वाक्य असतं. मी त्याला समजावायला जात नाही. कसं आणलं, कोण काय म्हणालं, गाडीत काय वाटत होतं, हे विचारते. विरोध मोडायचा नसतो. 'इथून पुढे मी' अशी रेघ ओढायला तो शिकतोय, आणि कुमारवयाचं निम्मं काम हेच आहे.

७. माझी मुलगी तासभर गप्प बसते म्हणे. मग उपयोग काय?

गप्प बसण्याचेही प्रकार असतात. रागाने मिटलेले ओठ, काय बोलावं न सुचणं, आणि कुणीतरी शेजारी शांत बसलंय याचा आराम, हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. जाणत्या थेरपिस्टला त्यातला फरक करता येतो, निदान विचारता येतो. सुरुवातीची काही सत्रं अशी गेली तर थांबा. दोन-तीन महिन्यांनीही तेच असेल, तर थेरपिस्टला सरळ विचारा की या गप्प बसण्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे. उत्तर द्यायला त्यांनी बांधील असायला हवं. ती काय बोलली हे मात्र विचारू नका. का, ते प्रश्न १० मध्ये.

८. चित्रं काढणं, माती मळणं, रिकाम्या खुर्चीशी बोलणं... १६ वर्षांच्या मुलाला हे बालिश वाटणार नाही का?

वाटू शकतं, आणि तसं वाटलं तर ते बाजूला ठेवायचं. साधन मुलासाठी असतं.

या वयात शब्द फार हुशार झालेले असतात. मूल सुंदर बोलतं आणि त्या बोलण्यामागे लपतं. हात मात्र लपवत नाहीत. 'तुमचं घर कागदावर ठिपक्यांनी दाखव, प्रत्येक माणूस एक ठिपका' म्हटलं, की एक ठिपका पार कोपऱ्यात जातो आणि मूल स्वतःच त्याच्याकडे बघत राहतं. अर्थ थेरपिस्टने सांगायचा नाही. 'कोपऱ्यातला ठिपका झालास तर काय म्हणशील?' एवढंच विचारायचं.

रिकाम्या खुर्चीत जो माणूस इथे नाही त्याला बसवून त्याच्याशी बोलायचं असतं: गेलेली आजी, तुटलेला मित्र, कधी स्वतःचाच आतला टोचणारा आवाज. हा प्रयोग नाटकी होऊ शकतो. संकोची मुलांशी मी खुर्ची न वापरता नुसतं म्हणते, 'तो इथे असता तर पहिलं वाक्य काय असतं?' पुरतं तेवढं. काहींना स्वतःच्या गाण्यांची यादी दाखवत बोलायला आवडतं, काहींना चालता चालता. गेस्टाल्टमध्ये याला प्रयोग म्हणतात. तो फसला तरी त्यातून काही कळतं, आणि त्याला नकार देण्याचा हक्क मुलाकडे असतो.

९. मी १५ वर्षांची आहे. 'कसं वाटतंय?' विचारलं की डोकं रिकामं होतं. मला खरंच काही वाटत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. हा प्रश्न तू स्वतः लिहून पाठवलास, यातच तुला काहीतरी वाटतंय हे दिसतं.

'कसं वाटतंय' हा खूप मोठा प्रश्न आहे. मोठी माणसंही त्याला 'ठीक' म्हणून निसटतात. लहान प्रश्न घे. आत्ता पाय जमिनीला टेकलेत का? हात गार आहेत की गरम? श्वास छातीत अडतोय की पोटापर्यंत जातोय? घरातल्या कुणाचा आवाज आला की अंगाचा कुठला भाग आधी घट्ट होतो? यांना नाव द्यायची गरज नाही. नुसतं बघ. भावना बहुतेक वेळा आधी अंगात येते, शब्द मागून येतात. काहींच्या बाबतीत पुष्कळ मागून.

रिकामं होणं हेही काहीतरी असतं. कधी लहानपणी रडलं की ओरडा बसलेला असतो, आणि आपण आतला आवाज कमी करायला शिकतो. तेव्हा ती शहाणपणाचीच गोष्ट होती. थेरपीत 'रिकामं झालं' असंच सांग. 'नक्की कधी झालं? त्याच्या आधी मी काय विचारलं होतं?' असं समोरची व्यक्ती तुझ्याबरोबर बसून शोधेल. तिने घाई केली तर तिला तसं सांगायचा तुला हक्क आहे.

हे रिकामेपण आठवडेच्या आठवडे टिकत असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला नक्की सांग.

१०. तो तिथे काय बोलतो ते मला कळायला नको का? मी त्याची आई आहे.

तुमची काळजी रास्त आहे, तरी उत्तर 'सगळं नाही' असंच आहे.

आत वळणाऱ्या मुलाला (प्रश्न ४) आयुष्यात पहिल्यांदाच एक खोली मिळते. तिथलं बोलणं घरी पोचतं हे कळलं, की तो तिथेही घरच्यासारखाच बोलेल, म्हणजे काहीच नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तुम्ही, तो आणि थेरपिस्ट, तिघांनी बसून रेघ ठरवायची. त्याच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर ते सांगितलं जाईल. मैत्री, प्रेम, तुमच्यावरचा राग, एखादी चोरून ओढलेली सिगारेट हे सांगितलं जाणार नाही. कायदा देशोदेशी वेगळा आहे, अल्पवयीन मुलाच्या नोंदी पालकांना मागता येतात का हेही वेगळं. आपल्याकडच्या नियमाबद्दल थेरपिस्टला सुरुवातीलाच विचारून ठेवा.

सांगायची वेळ आलीच, तर आधी मुलाला सांगायचं. 'मला हे आईला सांगावं लागेल. तू सांगतोस की मी? की दोघं मिळून?' मी तरी याच्याशिवाय कधी पुढे जात नाही. पाठीमागून केलेला एक फोन महिनोन्‌महिने जमवलेलं सगळं घालवतो.

मधे राखाडी पट्टा मोठा आहे. चौदा वर्षांची मुलगी रात्री न सांगता बाहेर जाते, दारू एकदा नाही तर दर आठवड्याला आहे. इथे तयार नियम नसतो. वय, वारंवारता, सोबत कोण, आणि ती स्वतः त्याकडे कशी बघते, हे सगळं तोलून ठरवावं लागतं. एकट्याने ठरवू नये, म्हणून थेरपिस्टलाही ज्येष्ठ सहकाऱ्याचं मार्गदर्शन असावं लागतं.

११. थेरपी सुरू झाल्यापासून ती जास्तच उलटून बोलते. हे बिघडतंय की सुधारतंय?

आधी ती काय करत होती, ते आठवा. हो म्हणायची आणि करायची नाही? खोलीत जाऊन रडायची? डोकं दुखतंय म्हणून झोपून राहायची? राग तेव्हाही होता, तो आत वळवलेला होता. ओरडण्याऐवजी दात आवळणं, दुसऱ्यावर चिडण्याऐवजी स्वतःवर चिडणं. जाणीव वाढली की तो पहिल्यांदा बाहेर येतो आणि बेढब येतो. नुकतं चालायला लागलेलं मूल पडतंच.

फरक ओळखायची माझी एक खूण आहे. उलट बोलण्यात आता वाक्यं आहेत का? 'तू माझी तुलना करतेस ते मला आवडत नाही' हे कितीही चढ्या आवाजात आलं, तरी तो संपर्क आहे. ती तुमच्याशी बोलते आहे. नुसती तोडफोड, मारहाण, घरातून निघून जाणं, आणि त्यानंतरही काही न बोलणं, हे असेल तर थेरपिस्टला लगेच कळवा. थेरपीचा वेग कमी करावा लागेल.

तुम्ही काय करायचं? प्रत्येक वाक्याला उत्तर देऊ नका. 'मला हे ऐकायला जड जातंय, पण ऐकतोय' एवढं म्हणून बघा. शिवी चालणार नाही, राग चालेल, ही रेघ मात्र ठाम असू द्या. आपटून बघायला भिंत लागते, आणि ती भिंत पडत नाही याचा मुलांना आधार वाटतो.

१२. घरातल्या सगळ्यांनी यावं लागतं का? आणि मोबाईलचं काय करायचं?

सगळ्यांनी दर वेळी यावं लागत नाही, पण समग्र म्हणायचं आणि मुलाला घरापासून तोडून बघायचं हे जमत नाही. अंग, झोप, वर्ग, मित्र, घरातली शांतता किंवा आरडाओरडा, हे सगळं त्याच्या अडचणीचाच भाग असतं. महिन्या-दीड महिन्यातून पालकांबरोबर एक भेट हे मला बरं प्रमाण वाटतं. तिथे मुलाची तक्रार मांडायची नसते, तुमच्यात आणि त्याच्यात काय होतं ते बघायचं असतं.

मोबाईलबद्दल: तो हिसकावून घेतला की भांडण मोबाईलचं होतं आणि मूळ गोष्ट निसटते. थेरपीत विचारतात, गेम सुरू करण्याच्या आधीच्या मिनिटाला काय असतं? कंटाळा, एकटेपण, की कुणाचा मेसेज न येणं? आणि बंद केल्यावर अंग कसं असतं? मुलं हे फार बारकाईने सांगतात, कारण तोवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. झोपेच्या बाबतीत मात्र मी पालकांच्या बाजूने आहे. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात झोपेची वेळच मुळी उशिराकडे सरकते. रात्री फोन खोलीबाहेर, हा नियम सगळ्यांना सारखा, आई-बाबांनाही.

१३. याचा उपयोग होतो याला शास्त्रीय पुरावा आहे का? कुठे हे पुरत नाही?

स्पष्ट सांगायचं तर कुमारवयीन मुलांवर गेस्टाल्टचे मोठे, काटेकोर अभ्यास थोडे आहेत. प्रौढांमध्ये रिकाम्या खुर्चीच्या प्रयोगावर लेस्ली ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी चांगलं संशोधन केलं आहे. या वयातल्या नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी विचार-वर्तन पद्धतीकडे (सीबीटी, म्हणजे त्रास देणारे विचार आणि वागणं ओळखून बदलायला शिकवणारी थेरपी) कितीतरी जास्त पुरावा आहे. थेरपिस्ट आणि मूल यांच्यातलं नातं चांगलं असलं की गुण येण्याची शक्यता वाढते, हे मात्र अनेक पद्धतींच्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि ही पद्धत त्या नात्यावरच सर्वांत जास्त मेहनत घेते. माझा विश्वास तिथे आहे.

पुढच्या ठिकाणी मात्र एवढ्यावर थांबू नये. पुन्हा पुन्हा हात धुणं, तपासणं असा मंत्रचळ असेल, तर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाऊन ती कृती न करण्याचा सराव हा सिद्ध उपाय आहे. खाणं सोडून वजन झपाट्याने उतरत असेल, तर आधी शरीराची तपासणी आणि पालकांना सोबत घेणारा कुटुंबाधारित उपचार. आवाज ऐकू येणं, भलतेच संशय, कित्येक रात्री न झोपताही उत्साह ओसंडणं, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ताबडतोब.

गोळ्या चालू असतील तर थेरपी बंद करायची नाही, आणि थेरपी चालू आहे म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने सोडायच्या नाहीत. अमेरिकेत ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या १२ आठवड्यांत औषध आणि विचार-वर्तन थेरपी दोन्ही मिळालेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. नैराश्यावरची गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलाकडे नीट लक्ष ठेवा; काही मुलांच्या मनात त्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

१४. तिच्या हातावर जखमांच्या खुणा दिसल्या. काय करू?

खुणा जुन्या असोत वा ताज्या, ओरडू नका, शपथ घालू नका, 'आमचा विचार केलास का' म्हणू नका. शेजारी बसा. 'मी पाहिलं. मला काळजी वाटते. मला सांगशील?' आणि सरळ विचारा: 'मरून जावं असं वाटतं का?' हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट एकटेपण कमी होतं.

उत्तर हो असेल, काही ठरवलेलं असेल, किंवा तुम्हाला खात्री वाटत नसेल, तर तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि इजा होईल अशा वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात किंवा आपल्याकडच्या आपत्कालीन सेवेकडे जा. इथे 'तिची तयारी होईपर्यंत थांबू' हे लागू नाही.

तातडी नसेल तर थेरपीत कामाला जागा असते. स्वतःला इजा करणारी बरीच मुलं आत वळवलेल्या असह्य भावनेपासून क्षणभर सुटका शोधत असतात. त्या आधीची लाट अंगात कुठून चढते हे तिला लवकर ओळखता आलं, की दुसरं काही करायला थोडा वेळ मिळतो. हे वारंवार होत असेल तर भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारी, कुमारवयीनांसाठी बेतलेली डायलेक्टिकल वर्तन थेरपी आधी घ्यावी, असं मी सुचवते.

१५. 'श्वासाकडे लक्ष दे' म्हटलं की माझ्या मुलाला गुदमरल्यासारखं होतं. तो चुकतोय का?

तो चुकत नाही, सूचना चुकते आहे. ज्या शरीरात भीती साठलेली आहे (अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, कधी दम्याचा जुना झटका) तिथे आत बघ म्हणणं म्हणजे त्या खोलीत एकट्याला ढकलणं. अशा मुलांची जाणीव बाहेरून सुरू करायची. डोळे उघडे. खोलीतल्या पाच निळ्या वस्तू, खुर्चीचा खरखरीतपणा, बाहेरचा आवाज. अंगाकडे यायचंच तर तळपाय किंवा हात, छाती नाही. थोडं आत, लगेच बाहेर, असं येत-जात राहायचं. अशा आघातावर पुढचं काम त्या प्रशिक्षणाच्या माणसाकडेच करावं.

१६. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जातं अशी स्थिती) असलेल्या मुलांना हे जमतं?

जमतं, बेत बदलून. ऑटिस्टिक मुलांपैकी पुष्कळांना भूक, धडधड, चिंता यांचे अंगातले इशारे वेगळे, फार तीव्र किंवा फार पुसट कळतात. त्यांना 'काय वाटतंय' विचारत बसणं अन्यायाचं आहे. १ ते १० आकडा, रंगांची पट्टी, लिहून उत्तर, डोळ्यांत न बघण्याची मुभा द्यावी. रूपकं कमी, सूचना थेट. एडीएचडी असलेल्या मुलाला हालचाल करत बोलू द्यावं आणि सत्र लहान ठेवावं. थेरपीने ऑटिझम 'जाईल' असं कुणी सांगितलं तर तिथून निघा.

१७. थेरपिस्ट चांगला आहे हे ओळखायचं कसं?

शिक्षण, या वयातल्या मुलांबरोबरचा अनुभव आणि देखरेखीखाली काम केलंय का, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. वाईट खुणा: महिन्याभरात फरकाची हमी, मुलाला समोर बसवून तुमच्याशीच बोलणं, नको म्हटल्यावरही अंगाला हात लावणं, रडवून घेण्यालाच यश समजणं, रात्री-अपरात्री मुलाला खासगी मेसेज, आणि 'हे घरी सांगू नकोस' असं म्हणणं. शेवटची खूण दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मुलाची गुपितं त्याची असतात. थेरपिस्टला मात्र मुलाला गुपित ठेवायला सांगता येत नाही.

१८. किती दिवस चालतं? तो मधेच 'आता बस' म्हणतोय.

आठवड्यातून एक भेट धरली तर एखादी नेमकी अडचण काही महिन्यांत सुटी होते; जुन्या, गुंतलेल्या गोष्टींना वर्ष किंवा जास्त लागतं. या वयातली मुलं येतात, बरं वाटलं की जातात, पुढच्या वळणावर परत येतात. त्यात काही बिघडत नाही.

'आता बस' याचे दोन अर्थ होतात. खरंच पुरेसं झालं असेल, किंवा दुखऱ्या जागेजवळ आल्यावर पळावंसं वाटत असेल. म्हणून एकदम बंद न करता निरोपाच्या दोन-तीन भेटी ठेवायच्या. बऱ्याच मुलांच्या आयुष्यातली नाती आपटून नाहीतर न बोलता संपलेली असतात. काय मिळालं, काय राहिलं, कशाचा राग आला, हे समोरासमोर बोलून संपवणं हा त्यांच्यासाठी नवा अनुभव असतो.

१९. मी १७ वर्षांचा आहे. घरी न सांगता थेरपी घेता येईल का?

तू राहतोस तिथल्या कायद्यावर ते अवलंबून आहे. काही ठिकाणी १८ च्या आधी स्वतःच्या संमतीने घेता येते, काही ठिकाणी पालकांची सही लागते. फोन करून नाव न सांगता आधी विचार, तुझ्यासारख्याला काय नियम आहे. शाळा-कॉलेजात समुपदेशक असेल तर पहिली भेट बहुधा तिथे सोपी पडते, आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच बोलता येतं.

घरी का सांगायचं नाही, हे मला कळायला आवडेल. ओरडतील म्हणून, हसतील म्हणून, की त्रास देणारी व्यक्ती घरातलीच आहे म्हणून? पहिल्या दोन कारणांत, कसं सांगायचं याची तयारी आपण पहिल्या भेटीतच करू शकतो. कधी तू न सांगता थेरपिस्टने तुझ्यासमोर सांगितलेलं सोपं जातं. तिसरं कारण असेल तर घरच्यांच्या होकाराची वाट बघू नकोस. आजच्या आज शिक्षक, डॉक्टर, हेल्पलाइन, जो कुणी पहिला सापडेल त्याला सांग, आणि त्याने ऐकलं नाही तर पुढच्याला.